असमान गतीची रॅम आणि संगणकाची क्षमतावाढ

संगणकात जुन्या रॅमच्या शेजारी नवी रॅम बसवताना दोन्ही पट्ट्यांवरील आकडे वेगळे निघाले, तर यंत्र बिघडेल अशी भीती बऱ्याच ग्राहकांना वाटते. ही भीती बव्हंशी निराधार आहे, आणि तिच्यामुळे खऱ्या महत्त्वाच्या बाबी नजरेआड होतात.

डीडीआर-४ प्रकारच्या पट्टीवर २४०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. तो घड्याळाच्या ठोक्यांचा नसून माहितीच्या प्रत्येक तारेवरून दर सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष हस्तांतरणांचा असतो. ठोके त्याच्या निम्मेच असतात, कारण प्रत्येक ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली जाते. पट्टीची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट असल्यामुळे २४०० ची पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइट, तर ३२०० ची २५.६ गिगाबाइट माहिती वाहून नेऊ शकते.

पट्टीला कोणत्या गती पेलतात, याची नोंद तिच्यावरील एका छोट्या चिपमध्ये असते. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील प्रारंभिक आज्ञावली, ती वाचते आणि सर्व पट्ट्यांना झेपेल अशी एकच गती ठरवते, त्यामुळे ३२०० ची पट्टी २४०० वर उतरते. दोहोंची सरासरी काढली जात नाही. तरीही माहिती मागितल्यापासून ती मिळू लागेपर्यंतचा विलंब फारसा बदलत नाही: २४०० वर १७ ठोक्यांचा विलंब सुमारे १४.२ नॅनोसेकंद भरतो, ३२०० वर २२ ठोक्यांचा १३.७५.

दोन पट्ट्या दोन स्वतंत्र चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगवेगळ्या मार्गांवर बसल्या, तर २४०० च्या गतीनेही एकत्रित वहनक्षमता सेकंदाला ३८.४ गिगाबाइट होते, म्हणजे एकट्या ३२०० च्या पट्टीपेक्षा कितीतरी अधिक; म्हणून आकड्यांच्या विसंगतीपेक्षा चुकीचा स्लॉट अधिक महागात पडतो, आणि योग्य स्लॉट कोणते ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते, जी बहुधा कोणी उघडत नाही. एक पट्टी ८ आणि दुसरी ४ गिगाबाइटची असेल, तर अनेक यंत्रांत समान भागापुरते दोन्ही चॅनल एकत्र काम करतात आणि उरलेला भाग एकाच चॅनलवर चालतो.

पिढी मात्र एकच हवी. डेस्कटॉप संगणकाच्या डीडीआर-३ पट्टीला २४० आणि डीडीआर-४ ला २८८ संपर्कबिंदू असतात, खाचेची जागा वेगळी असते आणि विद्युतदाबही अनुक्रमे १.५ व १.२ व्होल्ट असतो. एक्सएमपी, म्हणजे प्रमाणित मर्यादेपलीकडची गती देणारी तयार मांडणी, मिश्र पट्ट्यांवर चालेलच याची हमी नसते; संगणक अधूनमधून अकारण बंद पडू लागला, तर ती आधी बंद करावी. रॅमच अपुरी पडत असलेल्या यंत्रात कमी गतीची जादा पट्टी बसवणे हे जलद पण अपुऱ्या रॅमवर काम रेटण्यापेक्षा निश्चितच श्रेयस्कर ठरते.