माघारीचा बेत

माझं मराठी ऐकून पुण्या-साताऱ्याकडचे श्रोते पहिली दोन मिनिटं गोंधळतील, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमचं घर तंजावूर जिल्ह्यात, ओरत्तनाडूजवळच्या एका गावात. घरात तंजावुरी मराठी, दाराबाहेर तमिळ. तुमचं मराठी मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत शिकलो, तेही जवानांकडून. त्यातले निम्मे शब्द इथं वापरता येत नाहीत.

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातून बीएस्सी झालो, मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून फौजेत गेलो आणि कर्नल म्हणून निवृत्त होऊन गावी परत आलो. थोडी भातशेती, थोडी नारळाची बाग. आज मला बोलायचंय ते गोळ्यांबद्दल. बंदुकीच्या नव्हे, औषधाच्या.

16 नोव्हेंबर 2018. मध्यरात्र उलटल्यावर गाजा वादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकलं. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या पट्ट्यात नारळाच्या बागा झोपल्या. झाडं मुळासकट उपटली गेली. ज्यांनी नारळ लावलाय त्यांना सांगायला नको, भात बुडालं तर पुढच्या हंगामात परत लावता येतं, नारळाला मात्र वर्षं लागतात. माझी दोनशेवर झाडं होती. सकाळी मोजली तेव्हा एकोणतीस उभी होती.

त्या सकाळी मी घाबरलो नाही. काम होतं ना. रस्ता मोकळा करायचा, पाणी आणायचं, म्हाताऱ्यांना शाळेत हलवायचं. भीती आली दोन महिन्यांनी, काम संपल्यावर. पहाटे चारला जाग यायची, छातीत धडधड, हाताला घाम. वारा जरा वाढला की पोटात गोळा. घरी म्हटलं, ॲसिडिटी आहे. बायको म्हणाली, "अहो, ॲसिडिटीला कुणी रात्री तीनदा उठून झाडं बघायला जातं का?"

जवळच्या एका डॉक्टरांनी एक गोळी दिली. लहानशी, पांढरी. पहिल्या रात्रीच झोप लागली. मला वाटलं, जिंकलो. त्या एका गोळीत दोन औषधं होती, हे मला पुढे तीन वर्षं माहीत नव्हतं. पाकिटावर छापलेलं होतं, पण वाचतो कोण? नकाशा वाचल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस मी, पण गोळीचं पाकीट वाचलं नाही.

आपल्या देशात अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. त्यातलं एक औषध एसिटालोप्राम. ते सावकाश काम करतं, चार-सहा आठवडे लागतात, कधी जास्त. सुरुवातीला उलट बेचैनी वाढूही शकते. दुसरं क्लोनाझेपाम, बेन्झोडायझेपिन जातीचं. ते तासाभरात शांत करतं. आपल्याला कळतो तो दुसऱ्याचाच गुण. पण रोज घेतलं की शरीर त्याला सरावतं. काही महिन्यांनी तीच गोळी तेवढी शांतता देत नाही, आणि बंद केली तर शरीर बंड करतं. पहिलं औषध कमी करायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं, किंवा उलट, हे जोडगोळीत जमत नाही. दोन बैल एकाच जुवाला बांधलेले.

माझंही तेच झालं. वर्षभरानं पहाटेची धडधड परत आली. एकाची दीड झाली, दिडाच्या दोन झाल्या. तरी नाही. आणि तेव्हा मनात बसलं, की औषधसुद्धा हरलं, आता काय उरलं?

मग बेळगावला पलटणीच्या जुन्या लोकांचा मेळावा होता. गेलो, आणि गोळ्यांचं पाकीट घरी राहिलं. म्हटलं बरंच झालं, नाही तरी चालत नाही, सोडूनच टाकू. पहिला दिवस ठीक गेला. तिसऱ्या दिवशी डोकं फिरायला लागलं. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं. झोप नाही, अंग थरथरतंय, उगाच डोळ्यांत पाणी. माझ्या हाताखाली काम केलेली माणसं समोर, आणि माझ्या हातातला चहाचा कप बशीवर वाजतोय. त्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. मी मनाशी म्हटलं, रोग दुपटीनं परत आला. आता या गोळ्या जन्मभर.

ही समजूत चुकीची होती. ती बरोबर मानूनच अनेक जण वर्षानुवर्षं अडकतात.

तंजावूरला एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्या दिवशी औषध बदललं नाही, प्रश्न विचारले. झटके कितव्या दिवशी सुरू झाले? मूळच्या आजारात असे झटके होते का? गोळी परत घेतल्यावर किती वेळात थांबले? मी सांगितलं: तिसऱ्या दिवशी, कधीच नव्हते, एका दिवसात. त्या म्हणाल्या, "सर, हा आजार परत आलेला नाही. हे विथड्रॉवल आहे." मूळ आजार परतला तर बहुधा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू परततो, आणि ओळखीच्या रूपात. औषध तोडल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच येतो, सोबत चक्कर, झटके अशी नवी लक्षणं आणतो, आणि औषध परत सुरू केलं की लवकर ओसरतो. नेहमीच इतकं स्वच्छ दिसत नाही, पण विचारायचे प्रश्न हेच.

मग त्यांनी विचारलं, कॉफी किती? मी म्हटलं, मॅडम, मी कुंभकोणमला शिकलोय. पाच डवरे. रात्री? कॅन्टीनची रम, दोन पेग. त्यांनी पेन खाली ठेवलं. क्लोनाझेपाम आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात, एकत्र घेतली तर माणूस झोपेतच जाऊ शकतो. शिवाय रम उतरते पहाटे, आणि उतरताना तीच धडधड देते. म्हणजे माझ्या पहाटेच्या चारच्या हल्ल्याला रसद मीच पुरवत होतो! थायरॉइड तपासला, ठीक निघाला. सोडियम तपासलं, कमी निघालं. साठीनंतर एसिटालोप्रामसारख्या औषधांनी सोडियम उतरू शकतं, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. थकवा, गोंधळ, तोल जाणं हे त्यानंही होतं. माझी ती रक्तदाबाची गोळी बदलली. साठीच्या पुढच्या श्रोत्यांनो, ही तपासणी साधी आहे, डॉक्टरांना जरूर विचारा.

म्हणजे "औषध चालत नाही" या एका वाक्यात माझ्या बाबतीत चार-पाच गोष्टी दडलेल्या होत्या. यात औषधाचा पराभव किती आणि माझा किती, ते तुम्हीच ठरवा.

आता विथड्रॉवल या शब्दाबद्दल. मॅडमनी तो उच्चारला तेव्हा मला हसू आलं, कारण तो आमचा शब्द आहे. ॲडव्हान्स, ॲटॅक, डिफेन्स, विथड्रॉवल ही फौजेत शिकवलेली चार ऑपरेशन्स. त्यातलं विथड्रॉवल सगळ्यांत अवघड, असं आमचे उस्ताद सांगत. माघार म्हणजे पळ नव्हे. मागची पोझिशन आधी तयार करायची, तिथं माणसं बसवायची, मग पुढची फळी थोडी थोडी पातळ करायची. थिनिंग आउट म्हणतात त्याला. शेवटची तुकडी निघेपर्यंत मोर्चा भरलेला दिसला पाहिजे. मी कॅप्टन असताना शांतिसेनेत श्रीलंकेत होतो. जुलै 1989 मध्ये माघार सुरू झाली आणि शेवटचं जहाज मार्च 1990 मध्ये निघालं. एका रात्रीत कोणी परत आलं नाही. आणि मी मात्र बेळगावात एका दिवसात मोर्चा सोडला होता, मागे काहीही तयार न ठेवता.

म्हणून आधी मागची पोझिशन तयार झाली. रम बंद, पण तीही सांगून आणि हळूहळू, कारण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडणंही धोक्याचं. कॉफी सकाळचे दोन डवरे. एका समुपदेशकांकडे आठवड्याला एक तास. त्यांनी मला वाऱ्याची सवय करून दिली. ऐप्पसी-कार्तिगै हे आमचे वादळाचे महिने. त्या दिवसांत वारा सुटला की मी आत पळायचो, आता ओट्यावर बसायचं आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत उठायचं नाही. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. बायको शेजारी भाजी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलेलं होतं, हेही पोझिशनचाच भाग.

मग जोडगोळी फोडून दोन औषधं वेगळी केली. एका वेळी एकच हलवायचं, दुसरं जागेवर. आधी क्लोनाझेपाम. माझं वेळापत्रक मी सांगणार नाही. उद्या कुणीतरी ते वहीत उतरवून घेईल आणि त्याची तब्येत माझी नाही. पण अंदाज यावा म्हणून सांगतो, 2025 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून जे मार्गदर्शन दिलं त्यात बेन्झोडायझेपिन सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांना 5 ते 10 टक्के एवढंच कमी करण्याचा विचार करावा असं आहे. इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या प्राध्यापिकेनं 1982 ते 1994 अशी बारा वर्षं या गोळ्या सोडवण्याचंच क्लिनिक चालवलं. त्यांचाही धडा हाच, घाई नको आणि गती रुग्णाच्या सोयीची.

एसिटालोप्रामच्या जातीच्या औषधांची गंमत वेगळी आहे. नेहमीच्या किमान डोसलाच मेंदूतल्या ज्या जागांवर ते बसतं त्यांतल्या सुमारे 80 टक्के जागा भरतात. डोस अर्धा केला म्हणून परिणाम अर्धा होत नाही. आमच्याकडच्या कालव्याच्या शटरसारखं समजा. पूर्ण उघडं असताना चार बोटं खाली केलं तर शेताला पत्ता लागत नाही. शेवटची चार बोटं बंद केली की शेत कोरडं. म्हणून शेवटचे टप्पे सगळ्यांत बारीक लागतात. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या लंडनच्या संशोधकांनी 2019 मध्ये हे लिहून मांडलं. यातले हॉरोविट्झ स्वतः या औषधाच्या विथड्रॉवलमधून गेलेले आहेत.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. 2024 मध्ये जर्मन संशोधकांनी बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी केली. नैराश्यविरोधी औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, पण नकली गोळी थांबवणाऱ्यांपैकीही 17 टक्क्यांना झाला. तीव्र त्रास सुमारे 3 टक्क्यांना. म्हणजे अनेकांचं सहज सुटतं. आपण कुठल्या गटात, हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांनीच पायरीनं उतरायचं.

एकदम तोडण्याचं उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या परवानगीनं सांगतो, नाव नाही. आमच्या शेजारच्या गावचा ट्रॅक्टरवाला. त्याचीही बाग गाजात गेली. बँकेचं कर्ज. त्यानं अल्प्राझोलाम सुरू केलं, एका जुन्या चिठ्ठीवर दुकानातून घेत राहिला. 2014 पासून हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये आहे, दुकानदारानं चिठ्ठी बघून नोंद ठेवायची असते, तरी त्याला मिळत होतं. मग घरच्यांनी एका देवळात 48 दिवसांचं मंडल धरायचं ठरवलं, आणि व्रताच्या पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या फेकल्या. देवाला जायला माझी हरकत नाही, आम्हीही गोविंदपुरमला विठ्ठलाला जातो. पण चौथ्या दिवशी त्याला फिट आली. पायरीवर पडला, खांदा निखळला. गावात बोलले, अंगात आलं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं या जातीच्या सगळ्या औषधांवर चौकटीतली ताकीद त्यासाठीच घातली. मी त्याला मॅडमकडे नेलं. स्कूटरवर मागे बसून तो एवढंच म्हणाला, "सार, तुम्हीपण घेता?" मी हो म्हटलं. मग त्यानं वाटेत सगळं सांगितलं, चार वर्षांचं.

मला एकूण चौदा महिने लागले. नवव्या महिन्यात अडकलो, झोप उडाली. मॅडम म्हणाल्या, मागे जायचं नाही, पुढेही नाही, इथंच तळ ठोका. सहा आठवडे तिथंच राहिलो. रोज डायरीत तीन ओळी: डोस, झोप, धडधड दहापैकी किती. आमच्या तंजावूरला ही जुनी रीत आहे. सरफोजीराजांच्या वेळच्या डोळ्यांच्या रुग्णांचे केसपेपर सरस्वती महाल ग्रंथालयात अजून जपलेले आहेत. रोग्याला काय दिलं आणि काय झालं, लिहून ठेवलेलं. माझ्या डायरीमुळे मला दिसलं की टप्पा उतरल्यावर चौथा-पाचवा दिवस वाईट जातो आणि दहाव्यापर्यंत निवळतं. हे कागदावर दिसल्यावर पाचव्या दिवसाची भीती राहिली नाही.

तुमच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर 14416 हा नंबर लिहून घ्या. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, ऑक्टोबर 2022 पासून आहे. मराठीतही बोलतात, तमिळमध्येही. चेन्नई, इंदूर, हैदराबाद, कुठूनही लावा. फिट आली, भास व्हायला लागले किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर मात्र फोनवर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आज क्लोनाझेपाम पूर्ण बंद आहे. एसिटालोप्राम थोडं चालू आहे, आणि ते सोडायची मला घाई नाही. कदाचित चालूच ठेवीन. पुढच्या महिन्यात मॅडमना भेटायचंय, डायरी घेऊन जाईन. मागच्या पावसात एकदा पहाटे चारला जाग आली, बाहेर वारा होता. ओट्यावर जाऊन बसलो. गाजानंतर लावलेली झाडं आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत, त्यांचा आवाज यायला लागलाय. धडधड दहापैकी तीन. लिहून ठेवलं आणि झोपलो.

प्रश्न घेऊ या. मागे तुम्ही मघापासून हात वर केलाय ताई, विचारा.