भिंतीवरचे विमान



आमच्या बडोद्यातील एका मराठी शाळेच्या वाचनालयाची एक भिंत काही वर्षांपूर्वी नव्याने गिलावा करून तयार झाली. लांबी २४ फूट, उंची १० फूट, आणि मध्ये एकही खिडकी नाही. अशी कोरी भिंत दिसली की मुख्याध्यापकांना सुविचार सुचतात आणि चित्रकलेच्या शिक्षकाला चित्र सुचते. सुदैवाने उरलेल्या तिन्ही भिंती सुविचारांनी आधीच भरून गेल्या होत्या. त्यामुळे ही चौथी माझ्या वाट्याला आली. काय काढावे, असे मुलांना विचारले. एकमुखाने उत्तर आले, विमान!

मला वाटले, यात कठीण ते काय? एखादे बरेसे छायाचित्र मिळवावे, त्यावर चौकोन पाडावेत, भिंतीवर सुताने तसेच मोठे चौकोन आखावेत आणि रेघ न् रेघ उतरवून घ्यावी. देवादिकांची चित्रे मी याच रीतीने काढीत आलो आहे. परंतु विमानाचे छायाचित्र मोठे करू लागताच माझी चूक माझ्या ध्यानी आली. छायाचित्र हे एका डोळ्याने एका जागेवरून पाहिलेले असते. जवळचा पंख त्यात थोराड दिसतो, दूरचा खुरटतो, आणि मधल्या तारा व दांड्या एकमेकींत मिसळून जातात. वीतभर कागदावर हे खपून जाते. वीस फुटांच्या भिंतीवर मात्र पाचवीतला मुलगा बोट ठेवून विचारतो, "सर, ही तार कुठे जाते?" आणि सरांना उत्तर देता येत नाही.

याला उपाय एकच. यंत्र बांधणारे लोक वापरतात तसे आराखडे मिळवायचे. वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन दृश्ये, आतली रचना दाखवणारे छेद, आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलेली मापे. असे आराखडे कोणत्या विमानाचे शोधावेत? मी म्हटले, मनुष्याला घेऊन स्वतःच्या एंजिनाच्या बळावर जे पहिल्याने उडाले त्याचेच. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेच्या किनाऱ्यावर किटी हॉकजवळ उडालेल्या राइट बंधूंच्या विमानाचे.

येथे आमच्या शाळासमितीतले अप्पा उभे राहिले. अप्पा रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून खणखणीत. ते म्हणाले, "आपल्या शाळेच्या भिंतीवर अमेरिकेचे विमान कशाला? आपले शिवकर बापूजी तळपदे होते की! १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, आणि आपले सयाजीराव महाराज ते पाहायला हजर होते." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पुस्तक आणून माझ्या टेबलावर उघडले. ते होते 'वैमानिक शास्त्र'. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशा विमानांची चित्रे त्यात आहेत. मजल्यावर मजले, नळ्या, चाके, दांडे, सगळे रेखीव. मी शोधीत होतो तसेच ते दिसत होते, आणि तेही आयते!

माझा जीव त्या वेळी खरोखरच दोलायमान झाला, हे कबूल केले पाहिजे. तळपद्यांविषयी मलाही ममत्व आहे. त्यांच्या यंत्राचा त्यांच्याच हातचा, मापांसह केलेला आराखडा कोणी पुढे आणला असता, तर ती सबंध भिंत मी त्यांना दिली असती. परंतु तसा आराखडा आजवर पुढे आलेला नाही, आणि त्या उड्डाणाविषयी जे सांगितले जाते ते सांगण्यावरच उभे आहे. राहिली या पुस्तकातली चित्रे. ती पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या सांगण्यावरून बंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने १९२३ साली काढली, म्हणजे चौपाटीच्या त्या प्रसंगानंतर २८ वर्षांनी. पुढे १९७४ साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक मुकुंद व त्यांचे सहकारी यांनी ग्रंथ आणि चित्रे दोन्ही तपासली. ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निर्णय पडला.

हे सगळे मी अप्पांना सांगितले. त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. विद्वानांचे निर्णय त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. तेव्हा मी एवढेच म्हटले, "अप्पा, तुम्ही ऑफिसात असताना हा कागद तपासायला आला असता तर सही केली असती का?" ते पुस्तक घरी घेऊन गेले. संध्याकाळभर चष्मा, फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले असावेत. उचलणारा जोर कोठून येतो, वजन कोठे तोलले आहे, एकदा कलंडू लागले तर सावरायचे कशाने, असे ते एकेका चित्राला विचारीत गेले. सकाळी त्यांनी पुस्तक पिशवीतून काढले नाही. म्हणाले, "ते कारखान्यात पाठवता येणार नाही. तुझे अमेरिकन कागद दाखव."

आता गंमत पाहा. माझे अमेरिकन कागदही तपासाला उतरत नव्हते! राइट बंधूंनी आपल्या पहिल्या विमानाचे संपूर्ण आराखडे काढून ठेवलेच नाहीत. ते सायकली बनविणारे कारागीर. हाताशी लागेल त्या कागदावर आकृती काढीत आणि कामाला लागत. बांधाबांधीच्या तपकिरी कागदावर पेन्सिलीने काढलेले या विमानाचे एक रेखाटन फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेले आहे. पण त्यावरून भिंत भरत नाही.

मी मोठ्या उत्साहाने आणला होता तो त्यांच्या पेटंटचा आराखडा. क्रमांक ८,२१,३९३, तारीख २२ मे १९०६. सुबक रेघा, प्रत्येक भागाला आकडा. पुष्कळ पुस्तकांतून तो पहिले विमान म्हणून छापलेलाही आढळतो. अप्पांनी तो मिनिटभर न्याहाळला आणि विचारले, "एंजिन कुठे आहे?" एंजिन नव्हतेच! कारण पेटंटचा अर्ज त्यांनी २३ मार्च १९०३ रोजी केला, उड्डाणाच्या जवळजवळ नऊ महिने आधी. आणि त्यात दाखविले आहे ते त्यांचे बिनएंजिनाचे ग्लायडर. तो भिंतीवर चढला असता तर आम्ही मोठ्या अभिमानाने भलतेच यंत्र रंगविले असते.

मग मूळ विमानावरून माप घेऊन केलेले आराखडे शोधणे आले. येथे त्या विमानाची कुंडली थोडी पाहिली पाहिजे. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने ते उलथले आणि मोडले. पुन्हा कधी उडाले नाही. पेट्यांत भरून डेटन गावी ठेवले होते, तेथे १९१३ च्या महापुरात त्या पेट्या पाण्याखाली गेल्या. १९१६ साली ऑर्व्हिल राइटने दुरुस्त करून ते उभे केले, १९२७ साली पंखांचे कापड नवे घातले, आणि स्मिथसोनियन संस्थेशी वाद झाल्यामुळे १९२८ साली ते सरळ लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिले. वीस वर्षांनी, १९४८ मध्ये, ते मायदेशी परतले. लंडनला रिकाम्या जागी ठेवण्यासाठी द हॅव्हिलंड कंपनीच्या तांत्रिक शाळेतल्या विद्यार्थ्यांनी त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधली, तीही त्याच साली. पुढे १९८५ साली स्मिथसोनियनने ते सुटे करून पुन्हा जोडले. म्हणून आराखडा हाती आला की पहिला प्रश्न विचारावा तो सालाचा. हा कागद १९०३ चे विमान दाखवितो, की त्या विमानाचे पुढचे दुरुस्त रूप?

या शंकेचे निरसन जुन्या छायाचित्रांनी होते. राइट बंधूंच्या काचेच्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत, आणि त्यांच्या सुरेख प्रती आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. छायाचित्रावरून चित्र काढू नये हे खरे, पण आराखडा खरा की खोटा हे छायाचित्रावरून जरूर ताडावे. जॉन डॅनियल्स याने टिपलेले पहिल्या उड्डाणाचे प्रसिद्ध छायाचित्र घ्या. पुष्कळांना त्यातले विमान आपल्याकडे येत आहे असे वाटते. ते मागून घेतलेले आहे; विमान आपल्यापासून दूर चालले आहे, आणि उंची बदलणारे सुकाणू शेपटीला नसून पलीकडे, नाकाच्या पुढे आहे.

अप्पांनी आम्हांला आणखी एक नियम घालून दिला: कागदावर पट्टी ठेवून माप घ्यायचे नाही, लिहिलेले माप तेवढे खरे. कागद आखडतो, छापताना चित्र एका अंगाला ताणले जाते. शिवाय खेळण्यातली विमाने बनविणाऱ्यांचे नकाशे सर्रास मिळतात, त्यांत शेपटी मुद्दाम वाढविलेली असू शकते, कारण छोटे विमान त्याशिवाय स्थिर उडत नाही. अशा नकाशावरचे दोन मी फेकून दिले.

शेवटी विमान निम्म्या आकाराचे काढायचे ठरले. पंखांचा पल्ला ४० फूट ४ इंच, तो भिंतीवर २० फूट २ इंच झाला. वरून पाहिलेले दृश्य घेता येईना, कारण २१ फुटांच्या लांबीचे निम्मे आमच्या १० फूट उंचीत मावत नव्हते. म्हणून समोरचे दृश्य घेतले. मुलांना तांबडा नि निळा रंग हवा होता. विमान तर न रंगविलेल्या मलमलीचे. थोडी नाराजी झाली. ती साखळ्यांनी भरून काढली. एकाच एंजिनावर दोन प्रॉपेलर उलटसुलट दिशांना फिरावेत म्हणून दोहोंपैकी एक साखळी फुली मारून नेलेली आहे. ती फुली कोणी रंगवायची यावरून सातवीत भांडण झाले.

राहिली एक गोष्ट. या विमानात एंजिन मध्याच्या उजवीकडे आणि चालक डावीकडे पालथा निजलेला. एंजिन चालकापेक्षा जड, म्हणून तोल साधण्यासाठी राइट बंधूंनी उजवा पंख डाव्यापेक्षा ४ इंच लांब केला होता. आमच्या भिंतीवर ते २ इंच झाले. मुलांनी प्रथम दोन्ही बाजू सारख्याच आखल्या. एकाने तर कागदातच चूक असल्याचे मला सांगितले. समजावून दिल्यावर त्यांनी दोन इंच वाढविले, मीही शाबासकी दिली, आणि रंगाचे डबे उघडले.

तेवढ्यात अप्पा आले. दाराशीच थांबून त्यांनी भिंत पाहिली आणि काठी उचलून म्हणाले, "उजवा हात कोणाचा? तुझा की विमानाचा?" विमान आमच्याकडे तोंड करून उभे होते. त्याची उजवी बाजू आमच्या डावीकडे यायला हवी होती. मी ओले फडके घेतले, अप्पांनी टेपचे एक टोक धरले, आणि ते दोन इंच आम्ही पुसून पलीकडे नेले.