काचेतून घरी, घरातून शाळेत



नारायणगावात सभा भरते ती टोमॅटोची, द्राक्षांची, नाहीतर बिबट्याची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूसाठी जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकत्र बसलेत, हे मला फार आवडलं. तसा हा विषय इथल्या मातीला परका नाही. धामधुमीच्या काळात जिजाऊंना बाळंतपणासाठी शिवनेरीवर ठेवलं, ते गड भक्कम होता म्हणून. आज तळेघरकडच्या एखाद्या बाईला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर तिची वाट डिंभ्यावरून घोडेगाव, मंचर आणि गरज पडली तर थेट पुणे अशी लांबत जाते.

मी डॉक्टर नाही, गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. स्वागताध्यक्षाला विषय कळलाच पाहिजे असा नियम नाही, तरी थोडं वाचून आलोय.

सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही, असं आपल्याकडे अजून म्हणतात. ते साफ चूक आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या कामी येतो. २४व्या आठवड्यात मेंदू वरून जवळजवळ गुळगुळीत असतो; बहुतेक घड्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. ३४-३५व्या आठवड्यातही मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांशच भरतं. उरलेली वाढ मग काचेच्या पेटीत, दिव्यांच्या उजेडात, सुया-नळ्यांच्या संगतीत व्हायची. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त. तरी यातली पुष्कळ मुलं चांगली वाढतात, हे आईला आधी सांगा, धोका नंतर.

मला खरं खिळवून ठेवलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या अभ्यासानं. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. आपल्या देशात इतकी चिकाटी दुर्मीळ. त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेतच निघाला, पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी. लवकर जन्मलेली आणि पोटातल्या आठवड्यांच्या मानानंही हडकुळी असलेली मुलं सर्वांत मागे. आणि बाराव्या वर्षी अडचण कशात दिसली? लिहिण्यात आणि गणितात! म्हणजे माझ्या वर्गात.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख असते, कितव्या आठवड्यात जन्म झाला ते नसतं. मुलावर शिक्का बसेल या भीतीनं ते कोणी विचारतही नाही. पण माहिती नसली तरी शिक्का बसतोच, ‘ढ’ म्हणून. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते, पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत दर तिमाहीला. तिथून पहिलीपर्यंतचा धागा फार विरळ आहे. मान कधी धरली, बोलायला कधी लागलं, हे दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेवरून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून मोजायचं असतं, एवढी साधी गोष्टही घरी कोणी सांगत नाही. वाढीच्या तपासणीसाठी पुण्याला जायचं म्हणजे मजुरी बुडणार. म्हणून तपासणीच इकडे आली पाहिजे, निदान घोडेगाव-जुन्नरपर्यंत.

हे जमणार नाही, असं कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत खेड्यातल्याच बायांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. आणि बाळाला उघड्या छातीशी धरायची कांगारू पद्धत १९७८ साली बोगोटात सुरू झाली, कारण तिथं काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान आठ तास ती करायला सांगते. बापालाही करता येते. हे मी मुद्दाम माईकवर सांगतोय.

पुण्या-मुंबईहून आलेल्या मोठ्या डॉक्टरांना एकच विनंती, पहिल्या सत्रात आशाताईंना आधी बोलू द्या. दुपारी जेवणात मासवडी आहे, रस्सा झणझणीत आहे, पुणेकरांनी बेतानं घ्यावा. आपलं स्वागत करून मी बसतो.