चौथीचा वर्ग आणि मीटरपट्टी



मी व्यवसायाने कापड दुकानदार. बी.कॉम. झालो आणि गादीवर बसलो. शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तरीही प्राथमिक शाळेविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो.

एप्रिलमध्ये कोल्हापुरात शाळा सकाळच्या होतात. परीक्षा आटोपली की वर्ग ओस पडतात, पालकही मुलांना घरी ठेवतात. गेल्या एप्रिलमध्ये जवळच्या शाळेतील चौथीच्या बाईंनी विचारले, "एक आठवडा मुलांना लांबी मोजायला दुकानात आणू का?" सकाळी आठच्या सुमारास गिऱ्हाईक नसते. मी होकार दिला.

पहिल्या दिवशी मुलांनी तागे आणि लोखंडी मीटरपट्टी नुसती पाहिली. पट्टीवरच्या शिक्क्याविषयी एका मुलीने विचारले. वैधमापन खात्याचा निरीक्षक पट्टी तपासून तो मारतो, असे मी सांगितले. तिचा पुढचा प्रश्न आला, "मग त्यांची पट्टी कोण तपासतो?" चाळीस वर्षांत एकाही ग्राहकाने मला हे विचारले नव्हते! दुसऱ्या दिवशी बाईंनी उत्तर आणले. निरीक्षकाचे माप त्याहून वरच्या मापाशी ताडून पाहतात आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. १९८३ पासून तर मीटर कोणत्याही दांड्यावरून नव्हे, प्रकाशाच्या वेगावरून ठरतो.

मग आमच्या घरची जुनी नऊवारी काढली. वार छत्तीस इंचांचा, म्हणून नऊ वारांचे ३२४ इंच, इंचाचे २.५४ सेंटिमीटर धरून मुलांनी ८ मीटर २३ सेंटिमीटर असे उत्तर काढले. प्रत्यक्ष साडी मात्र एका गटाला कमी भरली, दुसऱ्याला जास्त. वाद झाला. एका मुलाने दुसऱ्या गटाच्या हातांकडे बोट दाखवले. ते कापड ताणून धरत होते. "ताणले की लांबी वाढते, मग खरे कोणते?" कापड सपाट पसरून, न ताणता मोजावे, असे मी सांगितले. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान सांगितले आहे. प्रवचनात आपण तो शब्द ऐकतो. त्या मुलांनी तो न ऐकताच, हातभर कापडात ओळखला.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी तो लहान नव्हता. याच शहरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि भोवतालच्या अनुभवातून मूल कसे शिकते, हे दाखवून दिले. अशा गावात एप्रिलचे ते दिवस वाया जावेत, हे मला पटत नाही. आपली मुले त्या वेळी पुढच्या इयत्तेच्या शिकवणीला बसतात; फी आपणच भरतो, आणि पुन्हा मुलाला व्यवहार कळत नाही अशी तक्रारही आपलीच!

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे. पुढील एप्रिलसाठी सराफ, धान्याचे व्यापारी, छापखानेवाले आणि औषध दुकानदार यांनी सकाळचे दोन तास एखाद्या वर्गासाठी राखावेत. शाळा आपल्या समाजाचीच हवी असे नाही. महापालिकेच्या शाळांना आधी विचारावे. खर्च चहा-बिस्किटांपुरता. कार्यालयात त्यासाठी वही ठेवावी. माझ्या दुकानाचे नाव आजच लिहून घ्यावे.