परत घेणारं दार
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, सीमेवर अडवलेल्या लोकांशी आपला काय संबंध? आपण तर पास मंजूर झाल्यावर, रीतसर चांगीला उतरलेली माणसं! मी कॉम्प्युटर इंजिनिअर, परराष्ट्र धोरण हा काही माझा प्रांत नाही. पण दोन सिस्टिम एकमेकींशी बोलल्या नाहीत की मधला डेटा कसा हरवतो, हे मी रोज बघतो. इथे मध्ये माणसं अडकतात, एवढाच फरक.

उदाहरण लांबचं नाही. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं आणि मे महिन्यात व्हिएतनामी निर्वासितांनी भरलेली जहाजं सिंगापूरच्या पाण्यात आली. सरकारने 'ऑपरेशन थंडरस्टॉर्म' हाती घेतलं. जहाजांना अन्न, पाणी, इंधन दिलं, इंजिनं दुरुस्त करून दिली आणि पुढे जायला सांगितलं. देश चिमुकला, जागा नाही, हे कारण खोटं नव्हतं. पण पुढे म्हणजे कुठे? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

मग १९७८ मध्ये सेंबावांगला हॉकिन्स रोडवर छावणी उघडली. ती संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था चालवायची. सिंगापूरची अट मोठी व्यवहारी होती: तिसऱ्या एखाद्या देशाने ९० दिवसांत घेऊन जाण्याची हमी दिली तरच आत यायचं, आणि एका वेळी साधारण हजारच माणसं. १९९६ पर्यंत तीस हजारांहून जास्त लोक सिंगापूरमार्गे पुढे गेले. आपल्यातले जे तेव्हापासून इथे आहेत, त्यांना ती छावणी आठवतही असेल.

पण होड्या येतच राहिल्या, आणि पाश्चात्त्य देश कंटाळले. जून १९८९ मध्ये जिनिव्हात सगळे बसले आणि सौदा ठरला. शेजारी देशांनी होड्यांना किनाऱ्याला लागू द्यायचं आणि प्रत्येकाची चौकशी करायची. खरे निर्वासित पाश्चात्त्य देशांनी घ्यायचे. उरलेले व्हिएतनामने परत घ्यायचे, पळून गेल्याबद्दल शिक्षा करायची नाही, आणि संयुक्त राष्ट्रांची माणसं गावोगाव जाऊन ते तपासणार. माझ्या मते कराराचा जीव या शेवटच्या अटीत होता. एक लाखाहून अधिक लोक परत गेले. सगळे खुशीने गेले असं मुळीच नाही. हाँगकाँगच्या छावण्यांत तर दंगली झाल्या. चौकशीबद्दलही तक्रारी होत्याच. तरी जून १९९६ मध्ये हॉकिन्स रोडची छावणी बंद झाली, आणि कोणाला समुद्रात ढकलून नव्हे.

याच्या उलट मे २०१५ बघा. रोहिंग्या आणि बांगलादेशी लोकांच्या होड्या अंदमानच्या समुद्रात भरकटत होत्या. मलेशिया, इंडोनेशियाने आधी परतवल्या, मग वर्षभरापुरता आसरा कबूल केला. बांगलादेशींना निदान परत जायला देश होता. रोहिंग्यांना म्यानमार आपले नागरिकच मानत नाही. 'हा आमचा' म्हणणारं कोणी नसेल, तर परत पाठवणार कुठे?

आता आपल्याकडे येऊ. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. भारताची भूमिका सरळ आहे: नागरिकत्वाची खात्री पटली की आम्ही आमची माणसं परत घेतो. पासपोर्ट नसेल तर वकिलात एका प्रवासापुरता कागद देते. हे मला योग्यच वाटतं. परत घेण्यावर दोन्ही सरकारांचं एकमत होतं; पण हातापायांत बेड्या घालून आणलं, त्यावरून दुसऱ्या दिवशी संसदेत गदारोळ झाला. 'चुकीच्या मार्गाने गेले, भोगा आता' असं आपल्या पार्ट्यांतही मी ऐकलं. घरदार विकून एजंटाला पैसे दिलेल्या माणसाबद्दल एवढंच बोलायचं असतं का हो?

व्हिएतनाममध्ये परतलेल्यांच्या घरी कोणीतरी जाऊन विचारत होतं, त्रास होत नाही ना, काम मिळालं का? अमृतसरला उतरलेल्यांच्या घरी सहा महिन्यांनी असं कोणी जावं, हे अशा समझोत्यांत लिहिलेलं असावं असं मला वाटतं. कोणी जायचं, खर्च कोणी करायचा, यावर तुमची मतं ऐकायला आवडतील. चहा तयार आहे, तिकडेच बोलू.