नदीचे ऋण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



नदीस माता म्हणणारा आपला समाज तिच्या पात्रात काय सोडतो, याचा विचार आज आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून पंजाबात घडलेली एक हकीकतच सांगतो.

आपल्या नामदेवांची पदे ज्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, त्या ग्रंथास मानणाऱ्या शीख समाजास काली बेईं ही सुमारे १६० किलोमीटर लांबीची नदी अत्यंत पवित्र आहे. सुलतानपूर लोधी येथे तिच्यात स्नानास उतरले असता गुरू नानकदेवांना साक्षात्कार झाला, अशी श्रद्धा आहे. तथापि या श्रद्धेने नदीचे रक्षण झाले नाही. काठच्या गावांचे व शहरांचे सांडपाणी तीत येऊ लागले आणि जलपर्णीने पात्र झाकून गेले.

२००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी शासनाची वाट न पाहता लोकांना कारसेवेची हाक दिली व स्वतः पाण्यात उतरून जलपर्णी उपसण्यास आरंभ केला. गावोगावचे लोक मदतीस आले. घाट बांधले गेले, काठाने झाडे लागली. २००६ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी तेथे जाऊन हे कार्य प्रत्यक्ष पाहिले.

परंतु वरून घाण येतच राहिली तर उपसण्याचे श्रम व्यर्थ होत. म्हणून गावाचे सांडपाणी नळांवाटे एका जागी आणावयाचे, विहिरीसारख्या टाक्यांत त्यातील गाळ बसू द्यावयाचा, मग ते तळ्यात साठवून शेतीस द्यावयाचे, अशी साधी योजना अनेक गावांनी स्वीकारली. जे नदीस विष होते, ते पिकास खत झाले. उलटपक्षी, शहरांचे सांडपाणी पुरते न अडल्यामुळे पुढेही मासे मेल्याचे प्रसंग आले. यश आणि अपयश या दोहोंचा धडा एकच आहे: नदी स्वच्छ ठेवावयाची तर घाण उगमाशीच अडविली पाहिजे.

बंधुभगिनींनो, तो उगम पुष्कळदा आपले घरच असते. एखादे दिवशी नदीकाठी जाऊन सफाई करणे सोपे आहे. निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून न टाकणे त्याहून कठीण, कारण ते पाहावयास कोणी नसते. फुलापानांचे खत घरच्या कुंडीत होते. शाडूच्या लहान मूर्तीचे विसर्जन घरी पाण्याच्या पात्रातही यथाविधी होते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र सहजी विरघळत नाही. आपल्या मंगलकार्यांत पंगती उठल्यावर प्लॅस्टिकचे पेले व ताटल्या कोठे जातात, हे यजमानाने एकदा तरी विचारावे.

याकरिता मंडळाच्या सर्व समारंभांतून अशी भांडी वर्ज्य करावीत, असा ठराव आजच्या सभेत व्हावा, ही माझी नम्र सूचना आहे. भांडी घासण्याचा खर्च व श्रम वाढतील, हे मी जाणतो. नदीच्या ऋणाचा तो पहिला हप्ता समजावा.