पोझनानचे तीन विद्यार्थी



‘गणित आणि युद्ध’ हा आपल्या गणित-शिक्षकांच्या मेळाव्याचा यंदाचा विषय ठरला, तेव्हा मला पोझनान आठवले. १९२९ साली पोलंडच्या लष्कराने तिथल्या विद्यापीठात, जर्मन जाणणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक लिपी उलगडण्याचा वर्ग भरवला. मारियन रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की त्याच वर्गातले.

जर्मन सैन्याचे सांकेतिक संदेश तयार करणारे ‘एनिग्मा’ यंत्र तेव्हा अभेद्य समजले जाई. फ्रेंच हेरखात्याने मिळवलेले काही कागद रेयेव्स्कींना उपयोगी पडले, हे खरे. पण यंत्राच्या चक्रांमधली तारांची जोडणी त्यांनी डिसेंबर १९३२ मध्ये शोधली ती समीकरणे मांडून. त्यांचे हत्यार होते पर्म्युटेशन! ‘सर, याचा उपयोग काय?’ असे मुले आपल्याला ज्याबद्दल विचारतात, तेच.

१९३८च्या अखेरीस जर्मनांनी चक्रे तीनऐवजी पाचांतून निवडायला सुरुवात केली. चक्रांच्या मांडण्या सहाच्या साठ झाल्या, पोलंडची साधने अपुरी पडली. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ पिरीच्या रानात पोलिश तज्ज्ञांनी ब्रिटिश आणि फ्रेंच तज्ज्ञांना बोलावून सारे गुपित हवाली केले. १ सप्टेंबरला जर्मन फौजा शिरल्या आणि काही आठवड्यांतच पोलंड पडला. संकेत फोडला की युद्ध जिंकले, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. वाचलेल्या संदेशाचा उपयोग करायला सैन्य लागते, जहाजे लागतात, वेळ लागतो. ब्रिटनपाशी हे होते. तिथल्या संकेत उलगडण्याच्या केंद्रात, ब्लेचली पार्कमध्ये, ट्युरिंग, वेल्चमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेले. अटलांटिकातल्या जर्मन पाणबुड्यांचा ठाव कळू लागला, तसे जहाजांचे ताफे वाट बदलून सुखरूप नेता आले.

१९४२ मध्ये त्या पाणबुड्यांच्या यंत्रात चौथे चक्र आले आणि दहा महिने काही वाचता येईना. ऑक्टोबरात भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या यू-५५९ मधून ब्रिटिश नौदलाच्या फॅसन आणि ग्रेझियर यांनी संकेतांची पुस्तके बाहेर काढून दिली. ते दोघे मात्र पाणबुडीबरोबर गेले. डिसेंबरात संदेश पुन्हा वाचता येऊ लागले.

रुझित्स्कीही त्याच वर्षी जहाज बुडून गेले. रेयेव्स्की मायदेशी परतून कारकुनी करत राहिले. त्यांचे काम जगाला कळायला १९७०चे दशक उजाडले. मला हे फार सलते. ट्युरिंगचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे, ते असलेच पाहिजे, रेयेव्स्कींचेही हवे.

उद्या सकाळच्या सत्रात त्यांची समीकरणे फळ्यावर सोडवली जातील. पुढच्या दोन रांगा विद्यार्थ्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात, ही विनंती.